विश्लेषण : बोगदा खणताना वरची जमीन किती खचेल, हे आधी कसे कळते?

मुंबईत ऑरेंज गेट ते मरिन ड्राइव्ह या जोडबोगद्यासाठी डिसेंबर २०२५ मध्ये खणणारे यंत्र जमिनीखाली उतरले. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून पेठांच्या पोटातून धावते आहे. प्रत्येक वेळी वरच्या रहिवाशांचा प्रश्न एकच असतो : आमची इमारत खचणार नाही ना? त्यावर ‘हालचाल मर्यादेत राहील’ असे ठरलेले उत्तर मिळते. ही मर्यादा कोण ठरवते, कशावरून ठरवते आणि तिच्यावर कितपत विसंबायचे?

बोगदा इतका खोल असताना वरची जमीन हलतेच का?

कारण बोगदा जितका मोठा, नेमकी तितकीच माती बाहेर निघत नाही. थोडी जास्तच निघते. टनेल बोअरिंग मशीन अर्थात टीबीएमच्या तोंडाशी माती उघडी पडते आणि आत सरकू पाहते. मातीला थोपवण्यासाठी यंत्र तोंडाशी दाब धरून ठेवते, पण तो दाब कधी कमी पडतो, कधी जास्त होतो. यंत्राचे कवच मागच्या बाजूला किंचित निमुळते असते, तिथे फट राहते. कवचाच्या मागे काँक्रीटच्या कड्या बसवल्या जातात. त्या कवचाच्या आतच जोडाव्या लागत असल्याने त्यांचा व्यास खणलेल्या भोकापेक्षा कमी असतो. उरलेल्या पोकळीत लगोलग सिमेंटचे पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, भरले जाते. ते भरेपर्यंत किंवा अपुरे भरले गेल्यास भोवतालची माती त्या पोकळीत उतरते. ही घट एकेक थर करत वर चढते आणि अखेर रस्त्यावर, पायाखाली पोहोचते.

म्हणजे जमीन हलते ती यंत्र बिघडल्यामुळेच, असे नाही. सारे सुरळीत असतानाही ती थोडी हलतेच. म्हणून अभियंते ‘हलणार नाही’ असे कधी लिहून देत नाहीत.

अंदाज बांधण्याची पद्धत काय?

अमेरिकी भू-तंत्रज्ञ राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मेक्सिको सिटीच्या परिषदेत जगभरच्या बोगद्यांवरील मोजमापे एकत्र मांडली. बोगद्यावर आडव्या रेषेत जमीन किती खचली, याचा आलेख काढला तर तो उलट्या टांगलेल्या घंटेसारखा दिसतो, असे त्यातून पुढे आले. मधोमध सर्वाधिक खोल आणि दोन्ही बाजूंना हळूहळू सपाट होत जाणारी पन्हळ. परीक्षेतील गुणांच्या विभागणीचा जो आलेख शाळा-महाविद्यालयात दाखवतात, तोच हा वक्र, फक्त उलटा. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमधील ओ’रायली आणि न्यू यांनी या पन्हळीची रुंदी बोगद्याच्या खोलीशी जोडून दाखवली. चिकणमातीत पन्हळ रुंद आणि उथळ असते, वाळूत अरुंद आणि खोल.

आश्चर्य म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनंतर, संगणकावर बोगद्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी करण्याच्या काळातही, पहिला अंदाज याच वक्राने काढतात. हिशेब वहीच्या पानावर मावतो. साडेसहा मीटर व्यासाचा बोगदा घेतला, तर दर मीटर लांबीला सुमारे ३३ घनमीटर माती निघते. त्याच्या एक टक्का जादा माती आत आली असे धरले, तर ती झाली एक तृतीयांश घनमीटर. बोगद्याचा मध्य २० मीटर खोल आणि जमीन चिकणमातीची असेल, तर नेमके वर सुमारे १३ मिलिमीटर खचेल आणि परिणाम दोन्ही बाजूंना ३०-३० मीटरपर्यंत जाणवेल. जमीन वाळूची असेल, तर तेवढ्याच मातीसाठी मध्यावर सुमारे २२ मिलिमीटर खचेल, पण परिणाम १८ मीटरच्या आसपास संपेल.

व्यास वाढला की चित्र झपाट्याने बदलते. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वापरलेल्या ‘मावळा’ या यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता. त्या मापाच्या बोगद्यातून दर मीटरला सुमारे ११७ घनमीटर माती निघते. हाच बोगदा त्याच चिकणमातीत, त्याच खोलीवर, त्याच एक टक्क्याने काढला, तर मध्यावरचा आकडा सुमारे ४७ मिलिमीटरवर जातो. म्हणून मोटारींचे रुंद बोगदे शक्यतो अधिक खोल नेले जातात. ४० मीटर खोलीवर हाच आकडा निम्मा होतो.

हा ‘एक टक्का’ येतो कुठून?

सगळ्या अंदाजाची गोम इथे आहे. जादा आत येणाऱ्या मातीच्या या प्रमाणाला ‘व्हॉल्यूम लॉस’ म्हणतात. वक्राचा आकार गणिताने मिळतो, पण हा टक्का कोणत्याही समीकरणातून निघत नाही. तो निवडावा लागतो. तशाच जमिनीत, तशाच यंत्राने, तशाच हातांनी केलेल्या आधीच्या कामांचे आकडे पाहून अभियंता तो ठरवतो. तोंडाशी दाब धरणारी आधुनिक यंत्रे चांगल्या जमिनीत हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली ठेवतात. यंत्र चालवणारा चमू नवखा असेल, किंवा समोर अर्धा खडक आणि अर्धी माती अशी जमीन आली, तर तेच प्रमाण दुप्पट होऊ शकते. आणि टक्का दुप्पट झाला, की मिलिमीटरही दुप्पट.

प्रकल्प अहवालात छापलेला ‘१३.२ मिलिमीटर’ असा दशांश चिन्हासह आकडा त्यामुळे फसवा असतो. तो अचूक दिसतो, पण त्याच्या मुळाशी एक अनुभवी अंदाज आहे. तो अंदाज बहुतेक वेळा चांगला निघतो, हेही तितकेच खरे.

जोडबोगद्यांत आणखी एक गुंता असतो. पहिल्या बोगद्याने सैल केलेल्या मातीतून दुसरा जातो. दोन्ही पन्हळींची नुसती बेरीज करून भागत नाही. दुसऱ्या खेपेला माती अनेकदा थोडी अधिकच उतरते.

किती खचले, तर भिंतीला तडे जातात?

किती खचले यापेक्षा कसे खचले, हे महत्त्वाचे. सगळी इमारत एकसारखी २० मिलिमीटर खाली गेली, तर आतल्या माणसाला कळणारही नाही. एक कोपरा २० मिलिमीटर आणि दुसरा शून्य, असे झाले की भिंत ताणली जाते. विटांच्या भिंतीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्यामुळे बोगद्याच्या नेमक्या माथ्यावरच्या घरापेक्षा पन्हळीच्या उतारावर बसलेल्या घराला कधी कधी जास्त धोका असतो. ‘बोगदा आमच्या खालून जात नाही, शेजारून जातो’ हे समाधान म्हणूनच पुरेसे नाही.

प्रचलित चाळणी अशी : खचणे १० मिलिमीटरपेक्षा कमी आणि उतार ५०० मीटरला एक मीटर यापेक्षा सौम्य असेल, तर त्या इमारतीचा पुढे अभ्यास करत नाहीत. त्याहून जास्त असेल, तर भिंतीत किती ताण येईल ते काढतात आणि नुकसानीची श्रेणी ठरवतात. ही श्रेणी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे जॉन बरलँड यांच्या नावाने ओळखली जाते. पिसाचा कलता मनोरा सावरणाऱ्या समितीतले हेच ते बरलँड. त्यांच्या तक्त्यात एक मिलिमीटरपर्यंतचे तडे ‘अगदी किरकोळ’, पाच मिलिमीटरपर्यंतचे ‘किरकोळ’ आणि १५ ते २५ मिलिमीटरचे ‘गंभीर’ गटात येतात. बहुतेक शहरी प्रकल्पांत ‘किरकोळ’पर्यंतची श्रेणी स्वीकारार्ह मानतात. म्हणजे गिलावा पडणे, दार घासणे, रंगकाम पुन्हा करावे लागणे हे कागदोपत्री ‘मर्यादेत’ असू शकते. रहिवाशाच्या आणि अभियंत्याच्या भाषेत अंतर पडते ते इथे.

शिवाय हा तक्ता धडधाकट भिंती गृहीत धरतो. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त चाळींमध्ये कुजलेल्या लाकडी तुळया, नंतर चढवलेले पोटमाळे, काढून टाकलेल्या मधल्या भिंती आणि वर्षानुवर्षे मुरलेले पाणी हे सारे आधीच असते. चुन्यातले जुने बांधकाम थोडी हालचाल पचवते, हे खरे. पण किती पचवेल, हे त्या इमारतीच्या तब्येतीवर अवलंबून. नव्या इमारतीला न जाणवणारे आठ मिलिमीटर जुन्या चाळीला झेपतीलच असे नाही. फोर्टमधील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या दर्शनी भागाचा एक शोभेचा तुकडा २०१७ मध्ये पडला आणि मेट्रो-३ च्या कामाबाबतचा वाद उच्च न्यायालयात गेला. तिथला मुद्दा खचण्यापेक्षा कंपनांचा होता. पेक यांचा वक्र कंपनांबद्दल काही सांगत नाही.

मुंबई तर खडकावर आहे. मग चिंता कशाची?

हे अर्धे खरे आहे. मुंबईखाली बेसाल्ट, ब्रेशिया, टफ असे ज्वालामुखीजन्य खडक आहेत. अखंड बेसाल्टमधून यंत्र गेले, तर वरच्या जमिनीला जवळजवळ काही जाणवत नाही. अशा ठिकाणी मातीसाठी केलेला वक्र उलट जास्तच आकडा सांगतो.

पण खडकाच्या वर काय आहे? बेटे जोडून केलेल्या या शहरात अनेक ठिकाणी भराव आहे आणि त्याखाली समुद्राची मऊ चिकणमाती. ती पाण्याने फुगलेली असते. खडकातल्या भेगांतून बोगद्यात पाणी झिरपू लागले, की बोगदा गटारासारखे काम करतो. वरची भूजल पातळी उतरते आणि चिकणमाती पिळलेल्या स्पंजासारखी आक्रसते. हे खचणे यंत्र पुढे गेल्यावर कित्येक महिन्यांनी सुरू होऊ शकते आणि घंटेच्या वक्राबाहेर, दूरवरही पोहोचू शकते. नॉर्वेत ओस्लोजवळच्या रोमेरिके रेल्वे बोगद्याच्या वेळी १९९० च्या दशकात हेच घडले. बोगदा कठीण खडकात होता. गळतीमुळे वरच्या तळ्यांचे पाणी उतरले आणि दूरवरची घरे खचली.

स्थानकांचा भाग वेगळाच. काळबादेवी, गिरगाव अशा दाट वस्तीत स्थानकाची जागा गोल यंत्राने खणता येत नाही. तिथे खड्डा घ्यावा लागतो किंवा टप्प्याटप्प्याने पोखरत जावे लागते. जमीन उघडी राहण्याचा काळ त्यामुळे वाढतो.

पुण्याच्या पेठांत आणखी एक पुणेरी भर आहे : विस्मृतीत गेलेल्या विहिरी, हौद आणि नळ. २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक उभ्याउभ्या जमिनीत गेला, तेव्हा त्या जागी जुनी विहीर असल्याचे पुढे आले. नकाशावर नसलेली पोकळी कोणत्याच सूत्रात बसत नाही.

कोलकात्यात अंदाज का कोसळला?

कोलकात्याच्या पूर्व-पश्चिम मेट्रोची कथा या साऱ्याचा कस पाहणारी आहे. २०१७ मध्ये तिथल्या यंत्रांनी हुगळी नदी खालून ओलांडली. भारतात मोठ्या नदीखालून गेलेली ही पहिली मेट्रो. त्यानंतर ब्रेबॉर्न रोडच्या परिसरात करन्सी बिल्डिंग आणि जुनी सिनेगॉग यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या जवळूनही ती गेली. ज्या टप्प्याची सर्वांना भीती होती, तो सुरळीत पार पडला.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी मात्र ‘चंडी’ नावाच्या यंत्राला बोबाजार भागात पाण्याने भरलेल्या थराने गाठले. पाण्याबरोबर गाळ आणि वाळू बोगद्यात शिरू लागली. वर दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरापाडा लेनमधील घरांना तडे गेले, काही घरे कोसळली, शेकडो लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. सोनारांची वस्ती ती. आपल्याकडील झवेरी बाजारासारखीच, खाली पेढी आणि वर बिऱ्हाड. घराबरोबर अनेकांचा धंदाही गेला. आतले पाणी थोपवण्यासाठी बोगद्यात भिंत घालून उलट पाणीच भरून ठेवावे लागले.

हिशेब मांडला, तर फरक लगेच दिसतो. सुरळीत कामात एक टक्का माती म्हणजे दर मीटरला एक तृतीयांश घनमीटर. समजा, गळतीतून शंभर घनमीटर माती वाहून गेली. ती तीनशे मीटर बोगद्याच्या एकूण घटीएवढी झाली. पण तीनशे मीटरवर पसरण्याऐवजी ती एकाच ठिकाणाहून निघाली. मग वर मिलिमीटर राहत नाहीत, खड्डा पडतो. वक्र चुकला असे म्हणता येत नाही. वक्र ज्या गृहीतावर उभा होता, ते गृहीतच वाहून गेले.

आणि हे तेवढ्यावर थांबले नाही. ‘उर्वी’ या दुसऱ्या यंत्राने २०२० मध्ये आपला बोगदा पुरा केला आणि २०२१ मध्ये ‘चंडी’चे राहिलेले कामही संपवले. लोकांना वाटले, संकट टळले. मे २०२२ मध्ये यंत्र बाहेर काढण्याच्या खड्ड्याच्या तळातून पाणी आले आणि त्याच गल्ल्यांत पुन्हा तडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन बोगद्यांना जोडणारी आडवी वाट करताना तिसऱ्यांदा तेच. मुख्य खोदाई संपल्यावरच्या दोन घटना, दोन्ही वेळा कारण पाणी. एस्प्लनेड ते सियालदह हा टप्पा अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला.

हा फक्त आपल्याकडचा दोष आहे का?

नाही. जर्मनीत कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत ३ मार्च २००९ रोजी कोसळली. शेजारच्या घरातील दोघांचा मृत्यू झाला. मेट्रोचे बोगदे तेव्हा खणून झाले होते. काम चालू होते ते रूळ बदलण्यासाठीच्या खोल खड्ड्याचे. ॲमस्टरडॅममध्ये २००८ मध्ये फेयझेलग्राख्त स्थानकाच्या भिंतीतून पाणी आणि वाळू आत आली आणि विणकरांची सतराव्या शतकातील घरे १५ सेंटीमीटरहून अधिक खचली. त्याच मार्गावर पुढे यंत्राने खणलेले बोगदे मात्र फारशा तक्रारीविना झाले. ठिकाणे वेगळी, पण अपघाताची जागा बहुधा तीच : खड्डा, भिंतीचा सांधा, जोडवाट, यंत्र शिरण्याची किंवा निघण्याची जागा. आणि साथीला पाणी.

काम चालू असताना अंदाज सुधारता येतो का?

येतो, आणि शहाणपणाचा खरा भाग तोच. इमारतींवर प्रिझम बसवून स्वयंचलित यंत्र त्यांची जागा ठरावीक वेळाने मोजत राहते. भिंतींवर झुकावमापक आणि तडामापक लागतात, रस्त्यात खुणेच्या खिळ्या, जमिनीत पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या. पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्ये खरा व्हॉल्यूम लॉस किती आला, हे उलट हिशेबाने काढतात आणि पुढच्या वस्तीचा अंदाज त्यावरून दुरुस्त करतात. म्हणून यंत्राची सुरुवात मोकळ्या जागेखालून झाली, तर ते भाग्यच.

लंडनमध्ये ज्युबिली लाइनसाठी १९९० च्या दशकात वेस्टमिन्स्टरला खोल खोदाई झाली, तेव्हा बिग बेनचा मनोरा कलणार हे आधीच माहीत होते. पायाखाली आडव्या नळ्या टाकून ठेवल्या, मनोऱ्याचा कल सतत मोजला आणि गरज पडेल तसे त्या नळ्यांतून ग्राउट दाबून जमीन उचलली. तिथे अंदाज अचूक होता म्हणून मनोरा वाचला असे नाही. अंदाज चुकला तर काय करायचे, याची तयारी आधीच करून ठेवली होती.

आता यंत्राच्या दाबाच्या, वेगाच्या आणि ग्राउटच्या नोंदी संगणकाला शिकवून पुढच्या दहा-वीस मीटरचा अंदाज काढण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. उपग्रहाच्या रडारने शहराची मिलिमीटरभर हालचालही टिपता येते. उपयोग आहेच. मात्र संगणक शिकतो तो हजारो सुरळीत दिवसांवरून. बोबाजारसारख्या दिवसाच्या नोंदी त्याच्याकडे मोजक्याच असतात. ज्या दिवसासाठी तो हवा, त्याच दिवसाबद्दल तो सर्वांत कमी जाणतो.

रहिवाशांनी नेमके काय विचारावे?

‘किती मिलिमीटर?’ यापेक्षा ‘कोणता व्हॉल्यूम लॉस धरला आणि तो दुप्पट झाला तर आमच्या इमारतीची श्रेणी कोणती?’ हा प्रश्न अधिक उपयोगी. जवळ खड्डा, शाफ्ट किंवा जोडवाट आहे का, तिथे पाणी रोखण्याची तजवीज काय, हेही विचारावे. काम सुरू होण्याआधी घरातील प्रत्येक जुन्या तड्याचे तारखेसह छायाचित्र आणि सही केलेली नोंद हवी. ती नसेल, तर नंतर भरपाईचा वाद ‘तडा आधीपासूनचाच होता’ या एका वाक्यावर संपतो. नोंदीची एक प्रत सोसायटीकडे असावी, केवळ कंत्राटदाराकडे नव्हे.

मोजमापांसाठी साधारणतः तीन पातळ्या ठरलेल्या असतात : पहिलीला लक्ष वाढवायचे, दुसरीला उपाय सुरू करायचे, तिसरीला काम थांबवायचे. कागदावर हे सगळीकडे असते. तिसरी पातळी रात्री अडीच वाजता ओलांडली गेली, तर यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, वरच्या मजल्यावरच्या लोकांना कोण उठवणार आणि त्यांना कुठे नेणार, हे मात्र प्रकल्पाच्या जाहीर बैठकांत क्वचितच सांगितले जाते. आपल्या इमारतीवर लावलेल्या प्रिझमचे आकडे रोजच्या रोज पाहण्याची सोयही रहिवाशांना सहसा नसते. ते आकडे गोपनीय ठेवण्याचे तांत्रिक कारण कोणतेही नाही.